पंपाच्या पेटींतील कंट्रोल ट्रान्सफॉर्मर : निवड व जोडणी

शेतांतील पंपाची मोटार बहुधा तीन फेजच्या विजेवर चालते. दोन फेजांमधील दाब ४१५ व्होल्टांच्या आसपास असतो. तेवढा दाब स्टार्ट-स्टॉप बटणांत व विहिरीपर्यंत गेलेल्या फ्लोट स्विचच्या तारांत खेळविणें धोक्याचें होय. सबब तो उतरवून ११० किंवा २४ व्होल्ट करणारा लहान ट्रान्सफॉर्मर पेटींत बसवितात. त्यास कंट्रोल ट्रान्सफॉर्मर म्हणतात.

चतुःसीमा पाहिल्यावांचून कोणी जमीन खरेदी करीत नाहीं. त्याचप्रमाणें पेटीशीं येणारा दाब मोजल्यावांचून ट्रान्सफॉर्मर घेऊं नये. मोजणी दोनदां करावी : एकदां शिवारांतील सर्व पंप चालू असतां, व एकदां ते बंद असतां. कॉन्टॅक्टरची कॉइल नेमल्या दाबाच्या शेंकडा ८५ ते ११० एवढ्या मर्यादेंत नीट चालते. ११० व्होल्टांच्या कॉइलीस ही मर्यादा ९३.५ ते १२१ व्होल्ट होते.

समजा, दाब कमींत कमी ३५० व जास्तींत जास्त ४३० भरला, आणि ट्रान्सफॉर्मरास ३८०, ४०० व ४१५ असे टॅप आहेत. ४१५ चा टॅप घेतल्यास ३५० दाबास कॉइलीस सुमारें ९२.८ व्होल्टच मिळतात; ती थरथरते व कॉन्टॅक्टरचे संपर्क जळतात. ३८० चा घेतल्यास ४३० दाबास सुमारें १२४.५ व्होल्ट होऊन कॉइल तापते. ४०० च्या टॅपावर हेच आंकडे ९६.३ व ११८.३ येतात. सबब तोच योग्य. उरलेले टॅप मोकळे ठेवून त्यांचीं टोंकें झांकावीं.

ट्रान्सफॉर्मरची शक्ति व्होल्ट-अँपिअरमध्यें देतात. कॉइल धरून ठेवण्यापेक्षां ती ओढून घेतांना कितीतरी पट शक्ति लागते. म्हणून आधींच चालू असलेल्या कॉइली व दिवे यांच्या बेरजेंत सर्वांत मोठ्या कॉइलीची ओढीची शक्ति मिळवावी, व तेवढ्या क्षणिक भारासहि दाब टिकविणारा ट्रान्सफॉर्मर निवडावा.

जोडणी मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडून करवावी. पहिल्या गुंडाळीच्या दोन्ही तारांत फ्यूज असावा. दुसऱ्या गुंडाळीचें एक टोंक अर्थ करून दुसऱ्यांत फ्यूज घालावा. सर्व बटणें फ्यूजच्या बाजूस असावींत, आणि कॉइलीचें दुसरें टोंक थेट अर्थ केलेल्या तारेस जोडावें. असें केल्यास बटणाची तार ओल्या भिंतीस भिडून अर्थ झाली, तर फ्यूज उडतो. उलट जोडणींत तीच तार कॉइलीचा मार्ग पुरा करते. पंप आपोआप सुरू होतो, किंवा स्टॉप दाबूनहि थांबत नाहीं. पंपाशीं कोणी काम करीत असल्यास ही चूक जिवावर बेतेल.

ट्रान्सफॉर्मर दोनच फेजांवर असतो, हेंहि विसरूं नये. तिसरी फेज गेली तरी कॉइल धरलेलीच राहते व मोटार जळते. त्याकरितां सिंगल फेज प्रिव्हेंटर निराळा बसवावा.

शेवटीं पंप चालू असतां दुसऱ्या गुंडाळीचा दाब वायरमनकडून मोजवून घ्यावा, व टॅप, दाब आणि तारीख यांची नोंद पेटीच्या दारावर आंतून चिकटवावी. पुढील दुरुस्तीच्या वेळीं तीच उपयोगी पडेल.