जुन्या टायरांची विल्हेवाट

आपल्या परभणी जिल्ह्यांत ट्रॅक्टर व मोटारसायकली आतां गांवोगांव झाल्या आहेत. त्यांचे झिजलेले टायर मात्र गोठ्यामागें पडून राहतात. त्यांचें काय करावें, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

टायरमध्यें रबर, काजळी, गंधक व पोलादी तारा असतात. रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची रीत चार्ल्स गुडइयर यानें इ. स. १८३९ मध्यें शोधिली. असें रबर लोखंडाप्रमाणें वितळवून पुन्हां ओततां येत नाहीं, व मातींत सहसा कुजतही नाहीं. म्हणून त्यास दुसरें काम देणें हाच उत्तम मार्ग होय.

याचें उदाहरण टायरगाडी. लोखंडी धावेचें अरुंद चाक काळ्या जमिनींत रुततें. टायरचें रुंद चाक कमी रुततें व बैलांस ओढ कमी पडते. मात्र आंतील सूत उघडें पडलेला टायर भरल्या गाडीस लावूं नये. मुरघासाच्या खड्ड्यावरील कापड दाबण्यासही टायर उपयोगी पडतात. परंतु तारा बाहेर आलेले टायर तेथें ठेवूं नयेत. चाऱ्याबरोबर तार पोटांत गेल्यास जनावर दगावतें.

आतां स्वतःची चूक सांगतों. एका पावसाळ्यांत माझ्या नातवास ताप आला. रक्त तपासतां डेंग्यू निघाला. आरोग्यसेविकेनें गोठ्यामागील टायर कलता करून आंतील पाण्यांत वळवळणाऱ्या अळ्या मला दाखविल्या. जन्मभर लोकांचे सातबारे तपासणाऱ्या मला स्वतःच्या परड्यांतलें हें पाणी दिसलें नव्हतें! मूल बरें झालें, हें दैव. या डासाचीं अंडीं कोरड्या टायरलाही कित्येक महिने चिकटून जिवंत राहतात. यास्तव नुसतें पाणी ओतून भागत नाहीं. आंतून घासावें, बुडाशीं भोकें पाडावीं व टायर छपराखालीं ठेवावा.

तारेच्या लोभानें किंवा शेकण्यासाठीं टायर कदापि जाळूं नये. तो धूर विषारी असतो. सन २०२२ च्या केंद्र सरकारच्या नियमांनीं टायरांच्या पुनःप्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर घातली आहे. तेव्हां निरुपयोगी टायर भंगारवाल्यास देतांना तो जाळण्यासाठीं नेत नाहीं ना, एवढें विचारावें.

मृग निघण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या परड्यांतील टायर मोजावे व कामाचे कोणते, विकावयाचे कोणते, हें ठरवावें. शिल्लक एकही राहूं नये.