अमेरिकन विद्यापीठांचा फुटबॉल : एका निकालाची चाळीस वर्षे

अर्थशास्त्राच्या वर्गात ‘कार्टेल’ शिकवायची वेळ आली की मी पुष्कळ वर्षे एकच उदाहरण घेत आलो आहे. तेलउत्पादक देशांचे उदाहरण पाठ्यपुस्तकात असतेच. मी घेतो ते अमेरिकन विद्यापीठांच्या फुटबॉलचे. विद्यार्थी प्रथम हसतात. विद्यापीठे आणि कार्टेल? हसू ओसरले की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून १९८४ रोजी दिलेला निकाल मी फळ्यावर मांडतो. अलीकडे मात्र हे उदाहरण मला पूर्वीसारखे सरळ सांगता येत नाही. ते का, हे या लेखात मांडतो.

आधी एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे आपण बेळगावात किंवा गोव्यात पाहतो तो नव्हे. चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन धावायचे असते आणि खेळाडू शिरस्त्राण घालून एकमेकांवर आदळतात. १८६९ साली न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत जो सामना झाला, तेथून या खेळाचा इतिहास मोजतात. तो सामना पाहण्यास थोडेच लोक असावेत. आज एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि तेही व्यावसायिक संघाचा नव्हे, विद्यार्थ्यांचा खेळ पाहायला.

आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धा विभागवार होतात. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे विभाग वरून ठरवून दिलेले असतात. अमेरिकेत विद्यापीठांनी आपापले गट स्वतःच बांधले. त्यांना ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. १८९६ साली शिकागोच्या आसपासच्या विद्यापीठांनी बांधलेला गट पुढे ‘बिग टेन’ म्हणून प्रसिद्ध झाला. १९१५ साली पॅसिफिक किनाऱ्यावर एक गट निर्माण झाला, त्याच वर्षी टेक्सास आणि आसपासच्या कॉलेजांचा ‘साउथवेस्ट’ गट खेळू लागला. या गटांमागचे तत्त्व साधे होते : आगगाडीने जाऊन, खेळून, सोमवारी वर्गात परत येता यावे. शेजारधर्म आणि शेजारवैर दोन्ही त्यातच आले.

या सर्वांवर देखरेख करणारी संस्था म्हणजे एन.सी.ए.ए. १९०५ च्या हंगामात मैदानावर खेळाडू दगावले, खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लक्ष घातले आणि १९०६ साली ती संस्था स्थापन झाली. काम नियम करण्याचे. पण दूरचित्रवाणी आली आणि या संस्थेच्या हाती तिजोरीची किल्ली आली. घरबसल्या सामना दिसू लागला तर तिकिटे कोण घेणार, ही भीती तेव्हा खरी होती. १९५१ साली संस्थेने ठरविले की कोणते सामने दाखवायचे ते आम्ही ठरवू. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ १९४० पासून आपले सामने दाखवीत होते. त्याने नकार दिला. संस्थेने त्याला बेशिस्त ठरविले, त्याच्याशी ठरलेले सामने खेळायला चार संघांनी नकार दिला आणि विद्यापीठ निमूटपणे वठणीवर आले. कार्टेलमध्ये शिस्त कशी राखली जाते याचा इतका नमुनेदार दाखला मला दुसरा सापडलेला नाही. पोलीस नकोत की न्यायालय नको, बाकीच्यांनी खेळायचे नाकारले म्हणजे पुरे!

तीस वर्षे ही व्यवस्था चालली. १९८२ ते १९८५ या काळासाठी ए.बी.सी. आणि सी.बी.एस. या दोन वाहिन्यांशी मिळून सुमारे २६ कोटी डॉलरचे करार झाले होते. एखाद्या संघाला दोन वर्षांत सहापेक्षा अधिक वेळा पडद्यावर येता येत नसे, मग तो कितीही लोकप्रिय असो. पैशाची वाटणीही विलक्षण होती. १९८१ साली ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया यांचा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दाखविला गेला. त्याच आठवड्याच्या शेवटी सिटाडेल आणि ॲपलाचियन स्टेट या छोट्या कॉलेजांचा सामना अवघ्या चार केंद्रांवरून दिसला. चारही संघांना सारखीच रक्कम मिळाली.

वर्गात मी येथे थांबतो आणि विचारतो, हे न्याय्य आहे का? निम्मा वर्ग ‘हो’ म्हणतो, निम्मा ‘नाही’. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठे अर्थातच ‘नाही’ म्हणाली. मोठ्या विद्यापीठांच्या एका वेगळ्या संघटनेने एन.बी.सी.शी स्वतंत्र करार जुळविला होता. त्यात सामील होणाऱ्यांवर कारवाई करू, आणि ती केवळ फुटबॉलपुरती नसेल, असा दम संस्थेने भरला. प्रकरण १८९० च्या शर्मन कायद्याखाली न्यायालयात गेले.

निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी बहुमताचा निवाडा लिहिला. त्याचे सूत्र बी.कॉम.च्या विद्यार्थ्यालाही कळेल : या योजनेने पुरवठा कमी केला, किंमत वाढविली आणि प्रेक्षकाला काय पाहायचे आहे याला काही अर्थच उरू दिला नाही. विरोधी मत न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांचे. न्यायमूर्ती रेनक्विस्ट त्यांच्याशी सहमत झाले. व्हाइट यांना हा खेळ पुस्तकातून माहीत नव्हता. कोलोराडो विद्यापीठाकडून खेळून त्यांनी १९३७ साली देशभर नाव कमावले होते, पुढे काही काळ ते व्यावसायिक संघातही होते. त्यांचे म्हणणे असे की विद्यापीठाचा खेळ हा बाजारातला माल नाही. शिक्षणाच्या चौकटीत तो ठेवायचा असेल तर काही बंधने आणि पैशाची काही सरमिसळ लागणारच. वर्षानुवर्षे मी हे मत दोन वाक्यांत गुंडाळून पुढे जात असे.

(आपल्याकडे १९९५ साली बंगालच्या क्रिकेट असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीवरील सरकारी मक्तेदारीचा प्रश्न हाताळला. त्यातील प्रमुख निवाडा न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे त्यातले तत्त्व. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावेत.)

निकालानंतर लगेच पैशाचा पाऊस पडला असे नाही. उलट बाजारात एकदम खूप सामने आले आणि भाव उतरले. पुस्तकी सिद्धान्ताप्रमाणेच झाले, आणि मी ते समाधानाने सांगत असे. पण पुढे प्रत्येकाने आपापला माल बांधायला घेतला. १९९१ पासून नोत्र दामने आपले घरचे सामने एकट्याच्या जोरावर एन.बी.सी.ला विकले. मग कॉन्फरन्सच विकणारी पेढी बनली. बारा सदस्य असतील तर गटाचा अंतिम सामना घेता येतो, ही एक आडबाजूची तरतूद होती. तिचा उपयोग करून दक्षिणेतल्या ‘एस.ई.सी.’ने दोन नवे सदस्य घेतले आणि १९९२ साली पहिला असा सामना भरविला. नव्यांपैकी आर्कान्सा साउथवेस्ट गटातून फुटून आले होते. १९९६ साली तो जुना गट संपला. चार टेक्सासी विद्यापीठे ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये गेली आणि राइससारखी राहिलेली मिळेल तेथे विसावली.

केबल आल्यावर हिशोब आणखी बदलला. २००७ साली बिग टेनने स्वतःची वाहिनी काढली. केबलचे पैसे प्रत्येक घराकडून येतात. त्या घरात कोणी सामना पाहो वा न पाहो. म्हणून २०१४ साली मेरीलँड आणि रटगर्स यांना गटात घेतले गेले. त्यांच्या खेळाचे वजन बेताचेच. पण एकाच्या शेजारी वॉशिंग्टन आणि दुसऱ्याच्या शेजारी न्यूयॉर्क ही घरांनी गच्च भरलेली शहरे होती. ज्या रटगर्सच्या मैदानावर हा खेळ जन्मला, त्याला १४५ वर्षांनी किंमत आली ती शेजाऱ्यांच्या केबलजोडण्यांमुळे.

आणि मग २०२१ ते २०२३ ही तीन वर्षे. जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी एस.ई.सी.मध्ये जाण्याचे जाहीर केले. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसची दोन मोठी विद्यापीठे बिग टेनकडे निघाली. ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सी.बी.एस. आणि एन.बी.सी. यांच्याशी सात वर्षांचा करार केला. रक्कम ७०० कोटी डॉलरहून अधिक. पॅसिफिक गटाला मात्र कोणी मनासारखा भाव देईना. शेवटी ॲपल कंपनीचा प्रस्ताव आला, तोही ग्राहक किती मिळतील यावर अवलंबून असलेला. ४ ऑगस्ट २०२३ रोजी ओरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठे, पूर्ण वाटा मिळणार नसतानाही, बिग टेनमध्ये गेली. आणखी चार जणांनी बिग ट्वेल्व्ह गाठले. स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये प्रवेश घेतला. नकाशा काढून पाहा; दोन्ही विद्यापीठे पॅसिफिक किनाऱ्याजवळ आहेत. बिग टेनमध्ये आज अठरा आणि बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा सदस्य आहेत, तेव्हा भूगोलाबरोबर अंकगणितही गेलेच.

न्यायमूर्ती व्हाइट यांचे कोलोराडो त्या चारांत होते. १९९६ मध्ये बिग ट्वेल्व्ह, २०११ मध्ये पॅसिफिक, २०२४ मध्ये पुन्हा बिग ट्वेल्व्ह असा त्याचा प्रवास झाला.

प्रशिक्षकांचे प्रकरण याला लागूनच येते. खेळाडूंना वेतन देण्यास बंदी होती. विद्यापीठ नफा वाटू शकत नाही, कारण त्याला भागधारक नसतात. मग आलेला पैसा जाणार कुठे? एका घटकाची किंमत वरून बांधून ठेवली की वाढावा दुसऱ्या घटकाकडे वाहतो. तो क्रीडांगणांत, व्यायामशाळांत आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षकाच्या करारात गेला. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सार्वजनिक नोकर हा राज्यपाल नसतो, फुटबॉलचा प्रशिक्षक असतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढले तेव्हा उरलेल्या करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे निघाले. काम न करण्याबद्दल! लुइझियाना स्टेटने २०२१ साली ब्रायन केली यांना नोत्र दामहून दहा वर्षांच्या करारावर आणले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये घरी पाठविले. तेथेही पाच कोटींहून अधिक देणे होते. २०२१ सालीच लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून सदर्न कॅलिफोर्नियाला गेले. त्यांच्यामागून केलेब विल्यम्स हा खेळाडूही गेला आणि पुढच्याच वर्षी हाइझमन पारितोषिकाचा मानकरी ठरला. प्रशिक्षक जातो म्हणजे आता निम्मा संघ हलतो.

खेळाडूंच्या वेतनबंदीची कथा मजेदार आहे. स्टीव्हन्स यांनी १९८४ च्या निवाड्यात जाता जाता लिहिले होते की या खेळाचे वेगळेपण टिकायचे तर खेळाडूंना वेतन देता कामा नये. हरलेली संस्था पुढे ३७ वर्षे तेच वाक्य ढाल म्हणून वापरीत राहिली. जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात न्यायालयाने एकमताने तिच्याविरुद्ध निकाल दिला आणि त्या वाक्याला बंधनकारक वजन नाही असे सांगितले. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एका तडजोडीनुसार विद्यापीठे आता पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देऊ शकतात. हे मला योग्य वाटते. ज्यांच्या हाडांवर हा व्यापार उभा आहे, त्यांना काही मिळावे.

मग माझी अडचण कोणती? कार्टेल मोडले की ग्राहकाचा लाभ होतो, असे मी शिकवीत होतो. प्रेक्षकाला आज खरोखरच पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक सामने दिसतात. स्टीव्हन्स यांचे अर्थशास्त्र चुकलेले नाही. परंतु विक्रेते एकटे राहिले नाहीत. त्यांनी लहान कार्टेले बांधली, आणि ती आता मोठी होत चालली आहेत. जुन्या मक्तेदारीत सिटाडेलला वाटा होता. नव्यात त्याला जागाच नाही. व्हाइट यांच्या मताला मी आता पूर्ण तास देतो. त्यांच्या बाजूने मत द्या असे मी सांगत नाही. पेन्सिल्व्हेनियाला ज्या रीतीने गप्प केले गेले ते मला आजही मान्य नाही.

आणखी एक गोष्ट ताळेबंदात येत नाही. कॉन्फरन्स बदलते ती फुटबॉलसाठी, पण बहुतेक ठिकाणी तिच्याबरोबर व्हॉलीबॉल खेळणारी मुलगीही बदलते. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो. तिला आठवड्याच्या मध्यावरही सामने असतात. स्टॅनफर्डहून बॉस्टन चार हजार किलोमीटरहून दूर, म्हणजे बेळगाव-दिल्ली हवाई अंतराच्या जवळजवळ तिप्पट. परीक्षा जवळ आलेल्या विद्यार्थिनीला हा प्रवास काय पडत असेल, हे आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी आरक्षण नसलेल्या डब्यातून गेलेल्या आपल्या खेळाडूंना निराळे सांगायला नको.

विद्यापीठाला दुसरे काही करता येत नाही असेही नाही. शिकागो विद्यापीठ बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक. पहिले हाइझमन पारितोषिक १९३५ साली त्याच्याच खेळाडूला मिळाले. १९३९ च्या अखेरीस अध्यक्ष हचिन्स यांच्या कारकिर्दीत त्याने हा खेळच बंद केला आणि १९४६ साली कॉन्फरन्सही सोडली. पुढे १९६९ साली खेळ पुन्हा सुरू झाला तो लहान प्रमाणावर. विद्यापीठाची प्रतिष्ठा त्यामुळे घटल्याचे कोणी म्हणत नाही. पण शिकागोजवळ इतर श्रीमंती होती.

पॅसिफिक गटात शेवटी दोघेच उरले : कॉर्व्हॅलिस गावचे ओरेगन स्टेट आणि पुलमन गावचे वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही गावे लहान, केबलच्या घरांचा हिशोब तोकडा. गटाच्या मालमत्तेवर हक्क कोणाचा यासाठी त्यांनी वॉशिंग्टन राज्याच्या न्यायालयात दावा केला. जाणाऱ्यांनी कारभारावर ताबा ठेवू नये असा आदेश त्यांना मिळाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तडजोड झाली. दोन हंगाम ते दोघांच्याच कॉन्फरन्समध्ये खेळले; मग बॉयझी स्टेट आदींना बोलावून २०२६ पासून नवी घडी बसवायचे ठरविले. ओरेगन आणि ओरेगन स्टेट यांचा सामना १८९४ पासूनचा. दोन गावांत अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. तो हंगामाच्या शेवटी, नोव्हेंबरच्या पावसात होत असे. २०२४ साली तो १४ सप्टेंबरलाच, कॉर्व्हॅलिसला उरकला गेला. ओरेगन ४९, ओरेगन स्टेट १४.