मागच्या सीटचं बक्कल

कळंबोली सर्कलला पुण्याच्या गाडीसाठी उभं राहणारा माणूस दोनच गोष्टी बघतो: भाडं किती आणि खिडकीची जागा मिळते का. मागच्या सीटवर पट्टा लोंबत असतो, पण त्याचं बक्कल बहुतेकदा सीट कव्हरखाली गाडलेलं असतं. इथून पुढे 94 किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आणि सपाटीला ताशी 100 किलोमीटरची मर्यादा. नवी गाडी घेताना एअरबॅग किती, स्टार किती, हे आपण शोरूममध्ये आवर्जून विचारतो. माझं म्हणणं असं की ही सगळी महागडी व्यवस्था त्या पट्ट्याच्या भरवशावर आखलेली आहे. तो लावला नाही, तर दिलेल्या पैशांतले बरेचसे वाया गेले म्हणा.

गाडी आदळते तेव्हा ती थांबते, आत बसलेला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो. ताशी 100ने आदळणं म्हणजे साधारण बाराव्या मजल्यावरून खाली येणं. गाडीचं नाक मुद्दाम चेपेल असं बनवतात, म्हणजे थांबायला थोडं अंतर मिळतं आणि धक्का सौम्य होतो. पण त्या चेपण्याचा फायदा गाडीशी बांधलेल्यालाच. अनेक गाड्यांत टक्कर होताच पट्टा क्षणात आवळला जातो, मग छातीवर फार ताण येऊ नये म्हणून किंचित सैलही सुटतो. एअरबॅग ही त्याच्या मदतीला, त्याच्या जागी नव्हे. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, आणि पट्ट्याविना पुढे फेकला गेलेला माणूस फुगत्या पिशवीवरच आपटला तर तीच इजा करते. म्हणून स्टिअरिंगपासून छाती वीतभरापेक्षा जास्त, निदान 25 सेंटिमीटर लांब हवी. मूल मांडीवर घेऊन पुढे बसणं तर नकोच.

‘मागे बसलोय, पुढे सीट आहेच की’ हा नेहमीचा युक्तिवाद. 4 सप्टेंबर 2022ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडी उत्तम दर्जाची होती. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. शिवाय मागचा मोकळा माणूस पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो, म्हणजे प्रश्न त्याच्या एकट्याच्या मर्जीचा राहत नाही. दुसरी भीती, गाडीने पेट घेतला तर अडकू. ती अगदीच निराधार नाही, पण आग क्वचित लागते आणि तेव्हा बाहेर पडायला आधी शुद्धीवर असावं लागतं. ते पट्टाच बघतो. तिसरं, ‘गावातल्या गावात कशाला?’ कळंबोलीच्या स्टील मार्केटचे ट्रेलर ज्या रस्त्यांवर वळतात, तिथे ताशी 50नेही आदळलं तर तो तिसऱ्या मजल्याचा हिशेब आहे.

पट्ट्याची पिपाणी बंद करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन सर्रास मिळत. 2023मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या काढायला लावल्या. घरात एखादी असेल तर फेकून द्या. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर तिच्यावर साधं कव्हर चढवू नका. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वर घ्यावा. आणि शेअर गाडीत बसण्याआधी बक्कल बाहेर काढून मागा. ‘मागे लागत नाही’ असं ड्रायव्हर म्हणाला, तर मोटार वाहन कायद्यात मागच्याने पट्टा न लावल्यासही हजार रुपये दंड आहे, हे त्याला ऐकवायला हरकत नाही.