बढती अडवणारा साहेब आणि आपली तयारी

साहेब तोंडभरून कौतुक करतात, पण वरच्या जागेचा विषय निघाला की दरवेळी नवं कारण सांगतात, असं होत असेल तर त्याला योगायोग समजू नका. तुम्ही जागचे हललात तर ज्याची सगळ्यात जास्त अडचण होणार, त्याच्याच सहीवर तुमची बढती अवलंबून असते. चाकण एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात मी काही वर्षं काढली. तिथून बाहेर पडताना जे कळलं, ते अशाच कोंडीत असलेल्यांसाठी लिहिते आहे.

माझ्याकडे कस्टमर कंप्लेंटचं काम होतं. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या लाइनवर आमचा भाग नापास झाला की फोन यायचा. 24 तासांत तात्पुरता उपाय कळवायचा, गोदामातला आणि वाटेतला माल अडवून तपासायचा, मग मूळ कारण शोधून आठ टप्प्यांचा एट-डी रिपोर्ट द्यायचा. रात्रपाळीच्या ऑपरेटरशी बोलून, फिक्श्चरची झीज मोजून कारण मी काढायचे, रिपोर्टही मीच लिहायचे. कस्टमरकडे जाताना मात्र टीम लीडरच्या रकान्यात साहेबांचं नाव असायचं आणि माझं सदस्यांच्या यादीत, सगळ्यात शेवटी.

मग सप्लायर क्वालिटीमध्ये वरची जागा निघाली. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये जाऊन कास्टिंगचे दोष जागच्या जागी कमी करायचे, हे काम मला मनापासून हवं होतं. मुलाखत चांगली झाली. पण मला विभागातून सोडणं, म्हणजे रिलीज, साहेबांच्या हातात होतं. ते म्हणाले, “अगं, तू गेलीस तर कंप्लेंट कोण बघणार? ऑडिट होऊ दे, मग बघू.” ऑडिट झालं, मग नव्या मॉडेलचं लाँच आलं, मग मार्चअखेर. दुसऱ्यांदा जागा निघाली तेव्हा एचआरकडून कळलं, की माझ्या अप्रेझल फॉर्मवर शेरा आहे: ‘स्वतंत्र जबाबदारीसाठी अजून तयार नाही.’ जाब विचारला तर उत्तर आलं, “मुलींना फाउंड्रीत कुठे पाठवायचं? तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.” त्यानंतर मीटिंगचे निरोप येईनासे झाले, रजा नामंजूर होऊ लागल्या, शॉप फ्लोअरवर चारचौघांत बोलणी बसू लागली. रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा यायचा.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर सगळ्यात आधी तोंडी आश्वासनावर थांबणं सोडा. बोलणं झालं की त्याच दिवशी सभ्य भाषेत मेल टाका: या पदासाठी माझ्यात काय कमी आहे, ते कसं भरून काढायचं आणि पुन्हा विचार कधी होईल? खरंच वाढवू पाहणारा साहेब या तिन्हींची उत्तरं देतो. अडवणारा मेल टाळतो आणि केबिनमध्ये बोलावून पुन्हा गोड बोलतो. उत्तर न येणं हेही उत्तरच असतं.

दुसरं, मनाशी मुदत ठरवा. एक अप्रेझल पुरे. त्या काळात साहेबांच्या साहेबांशी आणि एचआरशी रीतसर बोला. बोलताना स्वभावाबद्दल तक्रार करू नका. केलेलं काम, नाकारलेली संधी आणि दिलेलं कारण, एवढंच तारखांसह मांडा. आपल्या कामाची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा. पण कंपनीची ड्रॉइंग्ज, कस्टमरची माहिती घरी नेऊ नका. आपली बाजू कितीही खरी असली, तरी तेवढ्या एका कारणाने ती लंगडी पडते.

मुदत संपली आणि काहीच हललं नाही, तर शांतपणे बाहेर बघायला लागा. नवं ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. तब्येतच ढासळत असेल तर गोष्ट वेगळी; तेव्हा नोकरीपेक्षा जीव मोठा. तरीही घरखर्च आणि हप्ते मिळून निदान सहा महिन्यांची रक्कम बाजूला असावी. घरच्यांना विश्वासात घ्या. ‘लागलेली नोकरी कोणी सोडतं का?’ हा प्रश्न येणारच. त्यावर वाद घालण्यापेक्षा हिशेबाचा कागद पुढे ठेवा.

त्या कागदावर काय असावं? कायम नोकरीत सलग 5 वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला 30,000 रुपये असतील, तर 15 भागिले 26 या सूत्राने 5 वर्षांचे सुमारे 86,500 रुपये होतात. पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील, तर तारीख बघून पाऊल टाका. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर, नव्या कंपनीकडे वळवा. एकूण 5 वर्षांच्या आत काढला तर सहसा कर लागतो, आणि पेन्शनसाठी किमान 10 वर्षांची सेवा लागते. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना, हे पीएफच्या पोर्टलवर तपासा. ती नसेल तर पीएफ अडकू शकतो. कंपनीचा आरोग्य विमा सहसा शेवटच्या दिवशीच संपतो, म्हणून घरात आजारी माणूस असेल तर स्वतंत्र पॉलिसी आधीच घ्या.

नेमणूकपत्र पुन्हा वाचा. नोटिस पीरियड किती, बाय-आउट चालतो का, बोनस कोणत्या तारखेला नोकरीत असणाऱ्यांना मिळतो, हे सहसा त्यात असतं. ‘प्रतिस्पर्धी कंपनीत जाता येणार नाही’ अशी धमकी मिळाली तर घाबरू नका. नोकरी सोडल्यानंतरचं असं बंधन 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27 मुळे सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र लागू राहते आणि प्रशिक्षणाच्या खर्चापोटी घेतलेला वाजवी बॉन्डही टिकू शकतो. तशी सही केलेली असेल, तर वकिलाला कागद दाखवूनच पुढे जा.

राजीनामा चार ओळींचा असावा आणि मेलवरच द्यावा. मनातला सगळा राग त्यात उतरवू नका. तो कागद फाइलमध्ये राहतो. मी राजीनामा दिला, तेव्हा ‘आता पगार वाढवतो’ असा निरोप लगेच आला. जागेबद्दल मात्र त्यात अवाक्षर नव्हतं. असा निरोप आला तर एवढंच तपासा: ज्या कारणासाठी निघालात, ते लेखी बदलतंय का? नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

नोटिस पीरियडमध्ये काम चोख करा, हँडओव्हरची यादी करून त्यावर सही घ्या आणि शेवटच्या दिवशी रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, फुल अँड फायनलचा हिशेब मागा. राहिलं तर मेलने पाठपुरावा करा. पुढे मी सप्लायर क्वालिटीतच काम मिळवलं आणि फाउंड्र्यांमध्येही जाऊ लागले. स्वतंत्र जबाबदारी मला पेलते की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या एका शेऱ्याला कधीच नव्हता. तुमच्या फॉर्मवर असा शेरा असेल, तर तो एका माणसाच्या सोयीचा असू शकतो, हे लक्षात ठेवा आणि आपली लायकी दुसऱ्या दारावर जाऊन तपासून घ्या.