शोधनिबंध नाकारला गेल्यानंतर

शोधपत्रिकेकडे आलेला निबंध संपादक त्या विषयातील तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी पाठवितात. त्यांच्या अभिप्रायावरून तो स्वीकारावा, सुधारून मागवावा की नाकारावा, हे ठरते. नकार अनुभवी संशोधकाच्याही वाट्याला येतो. मात्र त्याचा संबंध केवळ लेखकाशी नसतो. अनेक चाचण्या शेतकऱ्यांच्याच शेतात होतात आणि निष्कर्षही त्यांच्याच पिकावर वापरले जातात.

समजा, भिलाईजवळील मरोदा परिसरात धानाच्या खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची चाचणी घेतली. एका बांधीत ट्रायकोकार्ड लावली, शेजारची बांधी तुलनेसाठी तशीच ठेवली आणि एकाच खरिपातील गाभेमर व पळींज यांच्या नोंदींवर निबंध लिहिला. परीक्षकांनी तीन आक्षेप घेऊन तो परत पाठविला.

१. किती चुडांवर गाभेमर मोजली, हे नमूद नाही. ही उणीव लेखनाची आहे. नोंदवही पाहून ती त्याच दिवशी भरून निघते.

२. टक्केवारीच्या आकड्यांना योग्य ठरणारी सांख्यिकी पद्धत वापरलेली नाही. येथे मूळ नोंदी घेऊन संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने विश्लेषण पुन्हा करावे लागते.

३. पुनरावृत्ती नाहीत, शिवाय हे कीटक उडून शेजारच्या बांधीत जाऊ शकतात, म्हणून तुलना विश्वसनीय नाही. ही उणीव लेखणीने भरून निघत नाही. पुरेसे अंतर राखून, अधिक बांध्यांत, पुढील हंगामात चाचणी पुन्हा घेणे हाच उपाय होय.

तिसरा आक्षेप डावलून तोच निबंध दुसऱ्या पत्रिकेकडे पाठविल्यास कदाचित तो छापलाही जाईल. परंतु त्यावर विसंबलेल्या शेतकऱ्याच्या पिकात पळींज वाढली, तर त्या चुकीची किंमत त्याला मोजावी लागेल.

प्रत्येक नकार न्याय्य असतोच असे नाही. कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, केवळ त्या स्त्री आहेत म्हणून, तत्कालीन संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला होता. त्यांनी आग्रह सोडला नाही. एक वर्ष परीक्षाधीन राहण्याची अट स्वीकारून त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले आणि त्या कामानेच नकाराला उत्तर दिले. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली.

परीक्षकाचा आक्षेप चुकीचा वाटल्यास संपादकांना पुराव्यासह, संयत भाषेत लिहावे. त्यापूर्वी अभिप्राय काही दिवस बाजूला ठेवून, राग ओसरल्यावर पुन्हा वाचावा. प्रत्येक आक्षेपासमोर ‘लेखन’, ‘विश्लेषण’ किंवा ‘नवा हंगाम’ यांपैकी एक शब्द लिहावा. ‘नवा हंगाम’ असे लिहिलेले आक्षेप पेरणीपूर्वीच चाचणीच्या आराखड्यात उतरवावेत आणि ज्यांच्या शेतात चाचणी झाली, त्या शेतकऱ्यांनाही ते समजावून सांगावेत.