गणपतीला गाडी घेऊन निघणाऱ्या भाचीला

पोरी, यंदा गणपतीला तू स्वतः गाडी चालवत ठाण्याहून कुडाळला जाणार, सोबत तुझी आई, सासूबाई आणि दोन पोरं, असं ताईनं फोनवर सांगितलं. जावईबापू रजा नाही म्हणून मागाहून रेल्वेनं येणार. म्हणजे साडेचारशे किलोमीटरच्या वरचा रस्ता तुझ्या एकटीच्या हातात. तू गाडी चांगली चालवतेस, त्याची मला चिंता नाही. पण माझी हयात एसटीच्या स्टिअरिंगमागे गेली. आमच्या वस्तादांनी जे कानात घातलं आणि पुढं रस्त्यानं जे शिकवलं, ते तुझ्यापर्यंत पोचलं पाहिजे.

पहिली गोष्ट झोपेची, आणि खरं तर सगळं तिच्यावरच उभं आहे. मुंबईकर चाकरमान्याची जुनी खोड अशी की, दिवसभर ऑफिस करायचं, घरी येऊन सामान भरायचं आणि रात्री दहा-अकराला 'रस्ता मोकळा असतो' म्हणून निघायचं. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला सतरा तास जागा असतो. 17 तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे, 100 मिली रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतके मंदावतात, हे शास्त्रज्ञांनी मोजून ठेवलंय. आपल्याकडे कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅमची. एक थेंबही न घेता माणूस त्या रेषेपलीकडे जातो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. दारू पिऊन आपल्या घरातलं कुणी गाडीला हात लावणार नाही. मग जागरण करून का लावायचा?

म्हणून आदल्या दिवशी सुट्टी घे किंवा निदान अर्धा दिवस. सामान दोन दिवस आधीच भरून ठेव. रात्री नऊला अंथरुणावर पड आणि पहाटे पाचच्या सुमारास नीघ. शरीराला झोपेची सगळ्यात जोराची ओढ असते ती रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात, तो काळ होईल तितका अंथरुणातच जाऊ दे. पहाटे निघालीस की पनवेल, पेण, वडखळ हा गर्दीचा पट्टाही लवकर मागे पडतो. तुझ्या घरच्यांनाही माझा निरोप दे. आदल्या रात्री मोदकांच्या सारणापासून पोरांच्या कपड्यांपर्यंत जे काही असेल ते बाकीच्यांनी बघायचं. गाडी चालवणारीनं झोपायचं. ज्या घरात चालवणाऱ्याला झोपू देतात, ते घर सुखरूप पोचतं, हे मी डेपोत वर्षानुवर्षं पाहिलंय.

दुसरी ओढ दुपारी दोन ते चारची. जेवण झालेलं, काचा बंद, मागे सगळे पेंगुळलेले. ऐंशीच्या वेगात गाडी एका सेकंदाला 22 मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर जवळजवळ 90 मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. जांभया येणं ही उशिराची खूण आहे. त्याआधीच्या ओळखायला शिक. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, गाडी नकळत पांढऱ्या पट्ट्यावर जाते, समोरच्याचा ब्रेकलाइट दिसून पाय उशिरा हलतो, उगाच चिडचिड होते. यातलं एक जरी झालं तरी 'पुढच्या गावात थांबू' म्हणायचं नाही. पहिला पेट्रोल पंप दिसेल तिथं आत घ्यायची. काच उघडून वारा घेणं, मोठ्यानं गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, यानं पाच-दहा मिनिटं निभतात, झोप जात नाही. झोपेवर उपाय झोपच. त्यातही एक युक्ती आहे: आधी कपभर कडक चहा किंवा कॉफी प्यायची, लगेच सीट मागं करून वीस मिनिटांचा गजर लावून डोळे मिटायचे. कॉफीचा परिणाम व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. दोन्ही मिळून ताजंतवानं वाटतं. मात्र झोपताना इंजिन बंद आणि काचा थोड्या खाली. एसी लावून बंद गाडीत झोपू नये. धुराची नळी कुठं गळत असली तर वास नसलेला विषारी वायू आत साठतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. आणि चालत्या गाडीत एसीची हवा तासन्‌तास आतल्या आतच फिरवत ठेवू नकोस. अधूनमधून बाहेरची हवा आत घे. पाच माणसांच्या श्वासानं कोंदलेल्या हवेत पेंग येतेच.

सर्दी-शिंकांची गोळी आदल्या रात्रीपासून नको, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झापड येते. उलटीच्या गोळीचंही तेच. ती पोरांना डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर आधी दे, तू स्वतः घेऊ नकोस.

आता बसायचं कसं. पाठ सीटला पूर्ण टेकव आणि हात लांब कर. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकलं पाहिजे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा. कमरेच्या खोलगट जागी नॅपकिनची गुंडाळी ठेव. मोकळ्या चपला घालून चालवू नकोस. पायाशी पाण्याची बाटली तर मुळीच नको, घरंगळत ब्रेकखाली गेली तर पेडल दाबलं जाणार नाही. दर दोन तासांनी थांबायचंच, थकवा वाटो न वाटो. माणगाव-महाडच्या पट्ट्यात नाश्ता, चिपळूण ओलांडलं की जेवण, असे टप्पे आधीच धर. गणपतीत महामार्गावर जागोजागी पोलिसांचे मदत कक्षही असतात.

पट्टा मागच्या सीटवर बसणाऱ्यांनीही लावायचा. 'मागं कशाला' असं म्हणणाऱ्यांना 4 सप्टेंबर 2022 आठवून दे. पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या त्या अपघातात गेलेले उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मागचा माणूस पट्ट्याशिवाय असला की धडकेत तो पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो. पोरांना मांडीवर घ्यायचं नाही. लहानगीला तिची सीट, आणि तीही मागेच. मागच्या काचेखालच्या फळीवर छत्री, डबे, नारळ ठेवू नकोस. जड सामान डिकीत, सगळ्यात खाली.

गाडीचं म्हणशील तर मेकॅनिककडे आठवडाभर आधी ने. आदल्या दिवशी नेली आणि काही बिघाड निघाला तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. टायर मात्र तू स्वतः बघ. टायरच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे 2321 असेल तर टायर 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर तो टायर कायद्यानंही बाद, आणि पावसात त्याच्या कितीतरी आधीच धोक्याचा, कारण पाणी बाजूला सारायचं काम ती नक्षीच करते. हवा सकाळी, टायर थंड असताना भर. पाच माणसं आणि सामान असेल तेव्हा मागच्या टायरना किती हवा हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, तेवढीच भर. स्टेपनीतही भर. वायपरची रबरं जुनी असतील तर नवी घाल, श्रावण-भाद्रपदात तोच तुझा चष्मा.

आणि रस्ता. कशेडीचा घाट आता बोगद्यानं टळतो, पण आत शिरण्याआधी हेडलाइट लाव आणि अंतर वाढव. परशुराम घाटात पावसात दगड-माती खाली येते. तिथं कडेला गाडी लावून धबधब्याचे फोटो काढत बसू नये. उताराला आमचे वस्ताद एकच सांगायचे: ज्या गिअरात चढली असतीस त्याच गिअरात उतर. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि गरजेच्या वेळी धरत नाहीत. न्यूट्रल करून तर कधीच उतरू नकोस. अरुंद चढावर समोरून वर येणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा उचलणं किती कठीण असतं, ते मला माहीत आहे.

पुढच्या गाडीपासूनचं अंतर नजरेनं ठरवू नकोस. तिनं एखादा खांब ओलांडला की मनात 'एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन' म्हण. तीन म्हणून होईपर्यंत तू त्या खांबाशी पोचता कामा नयेस. पावसात ही मोजणी दुप्पट. धो-धो पावसात चारही इंडिकेटर लावून पळणारे पुष्कळ दिसतील, त्यांचं अनुकरण नको. तू कुठं वळणार ते मागच्याला कळत नाही. हेडलाइट खाली करून लावले की पुरे. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर 'पुढची गेली म्हणून मी जाते' असं करायचं नाही. गुडघ्याखालचं वाहतं पाणीही छोटी गाडी ढकलत नेतं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा त्यात दोन एसट्या होत्या. आमच्या खात्यातल्या लोकांना ती रात्र विसरता येत नाही. नदी चढलेली दिसली तर गावात थांब, चौकशी कर. उशीर झाला तरी गणपती तुझ्यावाचून बसणार नाहीत.

बायामाणसांचं एक दुखणं पुरुष कधी बोलत नाहीत. वाटेत स्वच्छ मोरी मिळत नाही म्हणून तुम्ही पाणीच पीत नाही. सासूबाईही तेच करणार, वर बीपीची गोळी 'पोचल्यावर घेईन' म्हणणार. त्यानं डोकं दुखतं, लघवीचा दाह होतो, म्हाताऱ्या माणसाच्या पायात रक्ताची गाठ होण्याची भीती वाढते. पेट्रोल पंपावर शौचालय, पिण्याचं पाणी आणि टायरला हवा या सोयी फुकट द्याव्या लागतात, पेट्रोल भरलं नाही तरी. लाजू नका, मागून घ्या. गोळ्यांची पिशवी डिकीत नको, हाताशी हवी. प्रत्येक थांब्यावर दोघींना दहा मिनिटं चालायला लाव आणि बसल्या बसल्या पावलं वर-खाली करायला सांग.

मोठ्याला गाडी लागते ना? त्याला खिडकीशी बसव, मोबाइल काढून घे आणि लांबचा डोंगर बघायला सांग. उपाशी पोटी नेऊ नकोस आणि वडा-मिसळही नको. दशमी, दहीभात, थोडी आलेपाकाची वडी. दोन-चार मजबूत पिशव्या आणि कपड्यांचा एक जोड वरच राहू दे.

गाडी बंद पडली तर डावीकडे पूर्ण कडेला घ्यायची, चारही इंडिकेटर लावायचे, लाल त्रिकोण पन्नास पावलं मागं ठेवायचा आणि सगळ्यांनी उतरून कठड्यापलीकडे उभं राहायचं. बंद गाडीत बसून राहायचं नाही. राष्ट्रीय महामार्गावर मदतीचा नंबर 1033, रुग्णवाहिका 108. दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तरी फोन कर. मदत करणाऱ्यावर आता नाव सांगायचीही सक्ती नाही, मोटार वाहन कायद्यात तसं कलम आहे.

शेवटचं परतीचं. जाताना सगळे सावध असतात, येताना नसतात. गौरी-गणपतीची जागरणं, आरत्या, भजनं, पै-पाहुणे, विसर्जन, आणि त्याच रात्री निघून सकाळी ऑफिस, या बेतानं फार घरं दुखावलेली मी पाहिली आहेत. विसर्जनानंतर एक पूर्ण रात्र गावच्या घरात झोप, उजेडात नीघ, आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीही घरीच राहा. ते दोन दिवस धरूनच रजेचा अर्ज टाक, आणि आजच टाक.