सहशिक्षण : एका बाकाचा दुहेरी इतिहास

महानगरपालिकेच्या शाळेत मुलगा आणि मुलगी एकाच फळ्याकडे पाहून शिकतात, याचे आज कोणाला नवल वाटत नाही. सहशिक्षण हा शब्दसुद्धा आता बी.एड.च्या विद्यार्थ्यांपुरताच उरला आहे. परंतु वर्गात कोणी कोणाशेजारी बसावे, हा प्रश्न आपल्या समाजापुढे दुहेरी होता. एक मुलगा-मुलगी यांचा आणि दुसरा स्पृश्य-अस्पृश्यांचा. पुस्तकांतून बहुधा पहिल्याचाच इतिहास येतो, म्हणून येथे आम्ही दोन्ही सोबत मांडत आहोत.

1848 साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात काढलेली शाळा केवळ मुलींची होती. त्या काळी वेगळी शाळा हेच मोठे धाडस होते. पुढे कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांच्या वर्गात शिकल्या. बडोद्यात सयाजीरावांनी 1906 साली मुलगे व मुली दोघांनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

आता आपल्या नागपूरकडे वळू. किसन फागू बनसोडे यांनी 1907 साली येथे चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. जाईबाई चौधरी यांची हकीकत तर प्रत्येक विद्यार्थिनीने वाचावी. नागपूर-कामठी वाटेवर ओझी वाहणारी ही मुलगी एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिकली आणि दरमहा चार रुपयांवर मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली. अस्पृश्य बाई शिकवते हे कळताच सवर्ण पालकांनी बहिष्कार टाकला आणि जाईबाईंची नोकरी गेली. खचून न जाता त्यांनी 1922 साली संत चोखामेळा कन्याशाळा उभी केली. ही वेगळी शाळा पडद्यासाठी निघाली नव्हती. सार्वजनिक शाळेचे दारच बंद होते. तिला मागासलेपणाची खूण म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

जातीच्या बाजूने दार उघडण्याचा मोठा प्रयत्न कोल्हापुरात झाला. शाहू महाराजांनी 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. त्याआधी 1913 साली, परदेशी शिकत असताना, डॉ. बाबासाहेबांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहून मुलांबरोबर मुलींनाही शिकवण्याचा आग्रह धरला होता. 1942 च्या जुलैमध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेने मुलींसाठी वसतिगृहे मागितली. मागणी मोठी व्यवहारी होती. कॉलेजात एकत्र बसायचे, तर खेड्यातल्या मुलीला आधी शहरात राहायला जागा हवी.

बाक एक झाला, तरी अभ्यासक्रम एक झाला असे नाही. आम्ही शाळेत होतो तेव्हा एकाच तासाला मुले सुतारकामाला आणि मुली शिवणाला जात. हंसा मेहता समितीने दोघांना समान अभ्यासक्रम असावा व प्राथमिक शाळेत सहशिक्षण असावे, असे सुचवले. 1964-66 च्या कोठारी आयोगाने तिचे म्हणणे उचलून धरले.

तरीही वस्तीत एखादी मुलगी सातवीनंतर घरी बसते. पुढच्या शाळेत मुले आहेत, असे पालक सांगतात. आम्ही दारात जरा जास्त वेळ बसलो की खरे कारण बाहेर येते : संध्याकाळी अंधारातला परतीचा रस्ता आणि शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहाला लागलेले कुलूप.